पदव्यांच्या ओळीमागची चौदा वर्षे

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत फलक लागतात. निळ्या कमानीखाली परमपूज्य बाबासाहेबांचे छायाचित्र आणि नावापुढे पदव्यांची लांबलचक ओळ : एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अॅट-लॉ. लहानपणी आम्ही ही ओळ पाढ्यासारखी घोकली आहे. पुढे कायद्याचा अभ्यास केला, वकिली सुरू केली आणि कोणताही कागद हाती आला की आधी तारीख पाहण्याची सवय लागली. तेव्हा एक गोष्ट खटकू लागली. बाबासाहेबांच्या पीएच.डी.चे वर्ष कुठे १९१६ लिहिलेले असते, कुठे १९१७, तर कुठे १९२७. एकाच पदवीची तीन वर्षे कशी? ही छपाईची चूक म्हणून सोडून देण्यासारखी बाब नाही. आज विद्यापीठात संशोधन करणाऱ्या आमच्या मुलामुलींचा प्रश्न याच फरकात दडलेला आहे. म्हणून आज हे प्रकरण तारखांनिशी मांडत आहोत.

सुभेदार रामजी सकपाळांचे २ फेब्रुवारी १९१३ रोजी निधन झाले. घरचा आधार गेला होता. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षे. ४ जून १९१३ रोजी करार झाला. शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

पीएच.डी. म्हणजे एक जाडजूड ग्रंथ लिहायचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. कोलंबियात तसे नव्हते. आधी वर्गात बसायचे, अनेक विषयांचे अभ्यासक्रम पूर्ण करायचे, चर्चासत्रात निबंध वाचायचे आणि मग प्रबंध. बाबासाहेबांनी तिथे घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्रत्येकी एक. एकूण साठ! सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र, जॉन ड्युई यांच्याकडे तत्त्वज्ञान, गोल्डनवायझर यांच्याकडे मानववंशशास्त्र. ज्या मुलाला सातारच्या शाळेत वेगळे बसावे लागले, तो इथे जगातल्या नामवंत प्राध्यापकांसमोर सर्वांबरोबर एकाच बाकावर बसत होता.

या वर्गांतून काय निघाले तेही पाहा. ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि अर्थव्यवहार या विषयावरचा त्यांचा प्रबंध मे १९१५ चा आहे. त्याच वर्षी ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीची उत्पत्ती, तिची यंत्रणा आणि तिचा प्रसार यांची त्यात चिकित्सा होती. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. जातिअंताच्या लढ्याचा हा पाया एका वर्गातल्या अभ्यासातून घातला गेला, हे चळवळीने विसरता कामा नये. वाचन रुंद होते म्हणूनच प्रबंध खोल गेला.

१९१६ मध्येच त्यांनी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटपाविषयीचा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाला सादर केला. फलकावरचे १९१६ आणि १९१७ येते ते इथून. प्रबंध झाला होता, पण पदवी हाती आली नव्हती. त्या काळी कोलंबियाचा नियम असा होता की प्रबंध छापायचा, छापील प्रती विद्यापीठात जमा करायच्या आणि मगच पदवी मिळवायची. छापायला पैसा लागतो. महिना साडेअकरा पौंडांत जगणाऱ्या आणि त्यातूनही पुस्तके विकत घेणाऱ्या विद्यार्थ्याने तो आणायचा कुठून?

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा हुकूम आला. अभ्यास अर्ध्यात सोडून १९१७ मध्ये त्यांना निघावे लागले. महायुद्ध सुरू होते. दुसऱ्या बोटीने पाठवलेले सामान पुस्तकांसकट समुद्रात बुडाले. बडोद्यात काय घडले ते आपल्याला ठाऊक आहे. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत. राहायला घर मिळेना. पारशी खाणावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. कोलंबियाचा एम.ए., पीएच.डी.चा प्रबंध लिहिलेला हा विद्वान, त्या शहरात त्याला रात्रीपुरते छप्पर नव्हते.

वकील म्हणून आमची नजर जिथे थांबते ती गोष्ट आता सांगतो. लंडन सोडण्यापूर्वी बाबासाहेबांनी प्रा. एडविन कॅनन यांच्या मदतीने विद्यापीठाची परवानगी मिळवली होती. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची ती परवानगी होती. म्हणजे खिसा रिकामा असतानाही त्यांनी दार बंद होऊ दिले नाही.

ती मुदत त्यांनी चुकवली नाही. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपये पगारावर ते शिकवू लागले. तिथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या माठावरून कुरबूर झालीच. पगारातले पैसे साठवले, घरी रमाईंनी काटकसरीने संसार ओढला, कोलंबियातले मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा डी.एस्सी.चा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला, तर परीक्षकांनी तो सुधारण्यास सांगितला. पैसा पुन्हा संपला होता. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, निष्कर्ष न बदलता मांडणी बदलली, प्रबंध पुन्हा पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस डी.एस्सी. मिळवली.

आणि कोलंबियाची पीएच.डी.? ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने छापला. प्रस्तावना सेलिग्मन यांची आणि अर्पण सयाजीराव महाराजांना. छापील प्रती विद्यापीठात पोचल्या आणि १९२७ मध्ये पदवी रीतसर मिळाली. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले होते. प्रवेशापासून पदवीपर्यंत चौदा वर्षे गेली. त्यांतली वर्गातली वर्षे तीन. उरलेली अकरा पैशाच्या टंचाईने, नोकरीने, जातीने आणि समाजाच्या कामाने व्यापली.

आता आजकडे या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत करायची. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळतात. महिला आणि दिव्यांग संशोधकांना त्यावर दोन वर्षांची जादा सवलत आहे. तेव्हाचे नियम वेगळे होते, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही हे आम्ही मान्य करतो. तरीही विचारतो, आजच्या चौकटीत बाबासाहेबांची चौदा वर्षे कुठे बसली असती?

वर्गातले दिवस निघून जातात. सोबत मित्र असतात, वेळापत्रक असते, अधिछात्रवृत्तीची आशा असते. खरी कसोटी लागते ती त्यानंतर, विद्यार्थी प्रबंधासमोर एकटा बसतो तेव्हा. अधिछात्रवृत्ती रखडते, खोलीचे भाडे थकते, गावाकडे आईवडील नोकरीची वाट पाहतात. २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात आंदोलन करावे लागले. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी जीवन संपवले, तेव्हा त्याची अधिछात्रवृत्ती कित्येक महिने मिळालेली नव्हती. आमची मुले बुद्धीत कुठेही कमी नाहीत. त्यांची वाट अडते ती या मधल्या वर्षांत.

म्हणून समाजबांधवांना आमचे दोन शब्द. अर्ध्यावर थांबलेल्या विद्यार्थ्याला नापास समजू नका. १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदरावर उतरलेला भीमरावही अर्ध्यावरच परतला होता. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा प्रबंधाच्या शेवटच्या वर्षासाठी बाजूला काढा. टंकलेखन, प्रवास, दप्तरखान्यातल्या नकला यांना तो पुरेसा होतो. आणि संशोधक मुलामुलींनो, अडचण आली तर विद्यापीठ गुपचूप सोडू नका. मुदतवाढीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, ती जपून ठेवा. बाबासाहेबांनी परतीची परवानगी आधी मिळवली आणि मगच बोट धरली. फलकावरची ओळ त्यामुळेच पूर्ण झाली.

जयभीम!