डॉ. विल्यम कॅरी यांची बाग

डॉ. विल्यम कॅरी यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या मराठी मंडळ्यांत क्वचितच सापडेल. १८०५ साली त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण छापले, १८१० साली कोश व १८११ साली मराठी नवा करार. या कामी पंडित वैजनाथ शर्मा यांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. परंतु पवित्र शास्त्राचे भाषांतर लिहिणारे हे हात बागेतल्या मातीतही राबत असत, ही गोष्ट शब्बाथ शाळांतून फारशी सांगितली जात नाही. ती सांगण्यासारखी आहे, कारण जीवशास्त्राचे पहिले धडे या एका चरित्रातून मुलांना सहज देता येतात.

कॅरी यांचा जन्म इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. वडील विणकर होते. पुढे ते गावचे शिक्षक झाले. लहानग्या विल्यमची खोली किडे, पाखरे व रोपटी यांनी भरलेली असे. शेतावर काम करावे तर उन्हाने अंगाची कातडी सोलून निघे. म्हणून तो चांभाराच्या हाताखाली राहिला. जोडे शिवता शिवता त्याने अनेक भाषा शिकून घेतल्या आणि पुढे तो उपदेशक झाला.

१७९३ च्या नोव्हेंबरात कॅरी सहकुटुंब कलकत्त्यास उतरले. आरंभीची वर्षे अतिशय कष्टाची गेली. १७९४ साली पाच वर्षांचा मुलगा पीटर मरण पावला. पत्नी डोरोथी हिचे मन या देशात कधी रमले नाही; तिची बुद्धी भ्रमिष्ट झाली, ती १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरली नाही. पतीच्या कीर्तीची किंमत या माऊलीने भरली, हे चरित्र सांगताना आपण लपवू नये.

१८०० साली कॅरी श्रीरामपूर येथे आले व तेथे त्यांनी सुमारे पाच एकरांची बाग उभी केली. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांच्या पद्धतीप्रमाणे तिची मांडणी केलेली होती. हे लिनियसही एका लुथरन पाळकाचे पुत्र. प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव द्यावे, पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा, ही रीत त्यांनी १७५३ साली आपल्या ग्रंथात पक्की केली. तिची गरज काय? एकाच झाडाला मराठी माणूस पिंपळ म्हणतो, हिंदी माणूस पीपल आणि संस्कृत पंडित अश्वत्थ. इतक्या भाषांत वावरणाऱ्या कॅरींना ही अडचण चांगलीच उमगली असणार. शास्त्रात त्या झाडाचे नाव सर्व जगात एकच, फायकस रेलिजिओसा. वड आणि उंबर यांच्या नावांतही पहिला शब्द फायकस हाच आहे. ही तीन झाडे दिसायला वेगळी. परंतु तिघांचीही फुले फळासारख्या गोळ्याच्या आत दडलेली असतात, म्हणून ती एका प्रजातीची भावंडे ठरतात. वरवरचे रूप न पाहता आतली रचना पाहावी, हा जीवशास्त्राचा पहिला धडा.

दुसरा धडा बीजाचा. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी कॅरींनी एकदा सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी त्या मातीतून त्यांच्या मायदेशाचे डेझी हे फूलझाड उगवले. तीस वर्षांनी ते फूल पाहून त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. बी सुकलेले दिसते, पण त्यात जीव निजलेला असतो. ओलावा, हवा व योग्य ऊब मिळताच तो जागा होतो. ते झाड बंगालच्या हवेत वर्षानुवर्षे टिकेना, म्हणून कॅरी त्याचे बी राखून पुन्हा पेरीत. जिवाला त्याचे हवामान लागते, हा तिसरा धडा.

खकनारच्या शिक्षकाला हे शिकवण्यासाठी चित्रे कशाला हवीत? बऱ्हाणपूर भागातील केळीची बाग मुलांना दाखवावी. तेथे बी पेरीत नाहीत, कंद व मुनवे लावतात. म्हणून नवे झाड मूळ झाडासारखेच निघते. बीजापासूनची रोपे मात्र आईबापांचे गुण वेगवेगळ्या प्रमाणात घेतात, जशी एका घरची मुले. मग सातपुड्याच्या रानातील कुंभ्याचे झाड दाखवावे. डॉ. रॉक्सबर्ग यांनी त्याच्या प्रजातीला आपल्या या मित्राचे नाव दिले. कुंभ्याचे शास्त्रीय नाव कॅरेया आर्बोरिया. रॉक्सबर्ग यांच्या पश्चात त्यांचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ कॅरींनीच छापून काढला. १८२० साली त्यांनी कलकत्त्यास शेती व बागाईत सुधारण्यासाठी संस्था स्थापन केली.

संकटे चुकली नाहीत. १८१२ च्या मार्च महिन्यात छापखाना जळून कित्येक हस्तलिखिते राख झाली. १८२३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. त्याच वर्षी महापुराने बाग बुडाली व वर्षानुवर्षे जमवलेली झाडे गेली. दोन्ही वेळा कॅरी पुन्हा पहिल्यापासून कामाला लागले.

मिशनऱ्याने फुलझाडांत वेळ घालवावा काय, अशी शंका आजही कोणाला येईल. कॅरींच्या मनात ही दोन कामे वेगळी नव्हती. ती बागच त्यांची एकांतात प्रार्थना करण्याची जागा होती. पेशींचा सिद्धांत १८३८-३९ साली पुढे आला. तो पाहायला ते राहिले नाहीत. पुढच्या शोधांनी त्यांच्या काळची पुष्कळ माहिती मागे टाकली, पण नीट पाहावे, खरे तेच लिहावे व इतरांस वाटावे, ही त्यांची शिस्त जुनी झालेली नाही.

अखेरच्या आजारात, आपल्या मागे मार्शमनबंधू बागेत गाई सोडतील, अशी त्यांना चिंता लागली. मला झाडांचे तुमच्याइतके वेड नसले तरी बाग जपणे हे मी पवित्र कर्तव्य मानीन, असे मार्शमन यांनी त्यांना आश्वासन दिले. ९ जून १८३४ रोजी कॅरी प्रभूमध्ये निजले.

उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या मनुष्याला बाग राखण्याचे काम दिले आहे, आणि प्राण्यांना नावे ठेवण्याचेही. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी एखाद्या रविवारी मुलांना झाडाखाली न्यावे, एक पान प्रत्येकाच्या हाती द्यावे व ते नीट पाहायला सांगावे. डॉ. कॅरींच्या स्मरणार्थ एवढे प्रत्येक मंडळीला करता येईल.