वेढ्यातल्या शहरातला बिशप

आजचे वाचन : इब्री लोकांस पत्र 13:8-16



आजच्या उताऱ्यात मी चौदाव्या वचनाशी थांबले. इथलं कुठलंच नगर आपलं कायमचं नाही, आपण पुढे येणाऱ्या नगराची वाट पाहणारी माणसं आहोत, असा त्याचा आशय. घरात स्वस्थ बसून हे वाचणं सोपं आहे. पण डोळ्यांदेखत ज्याचं शहर जात असेल, त्याने ते कसं वाचावं? ह्या प्रश्नावर मला नेहमी संत ऑगस्टीन आठवतात.

त्यांचा जन्म 13 नोव्हेंबर 354 रोजी उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावी झाला. आजच्या अल्जीरियातलं सूक अहरास ते हेच. आई मोनिका श्रद्धावंत. वडील पॅट्रिशियस मात्र अगदी शेवटी शेवटी प्रभूकडे वळले. मुलगा हुशार होता, पण घरची स्थिती बेताची. पैसे जमेपर्यंत सोळाव्या वर्षी त्यांचं शिक्षण वर्षभर थांबलं होतं. पुढे कार्थेजला जाऊन त्यांनी वक्तृत्वकलेत नाव काढलं. त्या काळात पवित्र शास्त्रही उघडून पाहिलं, पण सिसेरोच्या डौलदार भाषेपुढे ते त्यांना अगदी साधं वाटलं आणि बाजूला पडलं. जवळजवळ नऊ वर्षं ते मानी पंथात राहिले. इकडे मोनिका रडत होती, प्रार्थना करत होती.

कार्थेजमध्येच ते एका स्त्रीबरोबर राहू लागले. मुलगा झाला. त्याचं नाव अदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. बरीच वर्षं हा संसार चालला. मग मिलान शहरात मोठ्या पदाची नोकरी लागली, तोलामोलाच्या घरातली मुलगी ठरली आणि त्या स्त्रीला आफ्रिकेला परत पाठवण्यात आलं. मुलगा बापाकडे राहिला. आपलं काळीज फाटल्याचं ऑगस्टीन यांनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिलं, पण तिचं नाव लिहिलं नाही. मोनिकेच्या अश्रूंवर मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत. ह्या बाईच्या अश्रूंवर एकही नाही. संतांचं चरित्र वाचताना ही रिकामी जागा मी ओलांडून जाऊ शकत नाही. तिचं नाव देवाला ठाऊक आहे, एवढंच समाधान.

मिलानला बिशप अँब्रोज यांची प्रवचनं त्यांच्या कानी पडली. सुरुवातीला ते फक्त भाषाशैली ऐकायला जात. हळूहळू आशयही आत उतरू लागला. 386 साली एका बागेत, मनाची तगमग चाललेली असताना, लहान मुलाच्या आवाजात पुस्तक उचलून वाचण्याचे शब्द त्यांना ऐकू आले. उघडलं ते रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटाशी, आणि अनेक वर्षांची ओढाताण तिथे संपली. ठरलेलं लग्नही त्यांनी सोडून दिलं. 387 च्या पुनरुत्थान सणाला अँब्रोज यांच्या हातून बाप-लेक दोघांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी घरी परतताना ओस्टिया बंदरात मोनिका गेली. दोन-तीन वर्षांत तो गुणी मुलगाही गेला.

391 मध्ये ते हिप्पो शहरात आले होते, तेव्हा चर्चमधल्या लोकांनी त्यांना अक्षरशः धरून धर्मगुरू करायला लावलं. पुढे ते बिशप झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. प्रवचनं, पत्रं, गोरगरिबांची विचारपूस, लोकांच्या जमिनीच्या भांडणांचा निवाडा, असा दिवस जायचा. लिखाण बहुधा रात्री.

410 साली अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं. जुने देव सोडले म्हणून हे झालं, अशी ओरड सुरू झाली. पळून आलेले लोक आफ्रिकेत उतरत होते. ह्या ओरडीला उत्तर म्हणून ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ 413 च्या सुमारास सुरू केला. बावीस भागांचं हे काम तेरा-चौदा वर्षं चाललं. त्यांचं म्हणणं असं : माणसं कशावर प्रेम करतात, त्यावरून दोन नगरं होतात, देवाचं आणि जगाचं. शेवटच्या दिवसापर्यंत ती एकमेकांत मिसळलेली राहतात, अगदी मंडळीतसुद्धा. म्हणून कुठलंच साम्राज्य म्हणजे देवाचं राज्य नव्हे.

पुढची हजार वर्षं युरोप ह्या माणसाच्या विचारांवर वाढला. मठांमधून त्यांच्या ग्रंथांच्या नकला होत राहिल्या. सम्राट शार्लमेन जेवताना हा ग्रंथ वाचून घेत असे. थॉमस अक्वायनस त्यांच्याच खांद्यावर उभे आहेत आणि मार्टिन ल्यूथर तर ऑगस्टिनियन संन्यासीच. पण सगळाच वारसा गोड नाही, बरं का. डोनाटस पंथीयांना मंडळीत आणण्यासाठी सरकारी सक्तीला त्यांनी शेवटी मान्यता दिली, आणि पाखंडी ठरवलेल्यांवर जबरदस्ती करताना मध्ययुगाने त्यांच्याच शब्दांचा आधार घेतला. कृपेचा एवढा मोठा शिक्षकही कृपेच्या जोडीला दंडुका घेऊ शकतो, हे मला धाक घालतं.

430 मध्ये व्हँडल सैन्याने हिप्पोला वेढा घातला. ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळले. पश्चात्तापाची स्तोत्रं मोठ्या अक्षरांत लिहवून त्यांनी समोरच्या भिंतीवर लावून घेतली. ती वाचत, रडत, 28 ऑगस्टला पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी डोळे मिटले. मृत्युपत्र नव्हतं, कारण स्वतःचं असं काही नव्हतंच. फक्त ग्रंथालय जपा, एवढं सांगून ठेवलं होतं. पुढे शहर जळलं, ग्रंथ वाचले.

जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन संन्याशांच्या भव्य चर्चचा आज एक मोडका मनोरा उरला आहे. त्यांच्या संघाची इमारतसुद्धा टिकली नाही. टिकलं ते वेगळंच.

आज मनन करू या : माझं ‘रोम’ कोणतं? ते पडलं तर माझ्या भिंतीवर काय लिहिलेलं असेल?

प्रार्थना : हे प्रभू, जे पडणार आहे त्यावर आमचं मन अडकू देऊ नकोस. ज्यांची नावं आम्ही विसरलो, त्यांना तू विसरू नकोस. आमेन.