चाळीस वर्षांचा पाहुणा

आखूड कोट, ढगळ विजार, हातात वेताची छडी आणि फेंगडी चाल. हे सोंग दिसले की शेंबडे पोरदेखील चार्ली चॅप्लिनचे नाव घेते. पण हा माणूस अमेरिकेत जवळजवळ चाळीस वर्षे राहिला, नाव व पैसा तिथेच मिळविला, आणि तरी तिथले नागरिकत्व त्याने कधी मागितले नाही, ही गोष्ट पुष्कळजणींना ठाऊक नसेल.

चार्लीचा जन्म १८८९ सालचा, इंग्लंडातला. वडील दारूच्या नादी लागलेले; आई हॅना शिवणकाम करून दोन मुलांना पोशी. तेही निभेना, तेव्हा १८९६ मध्ये तिघांना लंडनमधल्या निराधारांच्या वर्कहाउसची वाट धरावी लागली. पुढे तिच्या मनाचा तोल ढळला. हाती पैसा आल्यावर चार्लीने १९२१ मध्ये तिला कॅलिफोर्नियात आणले व १९२८ मध्ये ती जाईपर्यंत सांभाळले.

नाटकमंडळीबरोबर तो १९१० मध्ये अमेरिकेत गेला आणि १९१४ पासून मूकपटांत चमकू लागला. १९१७ च्या एका मूकपटात त्याने परदेशातून आलेल्या गरिबांची आगबोट दाखविली आहे. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो, सारे भारावून पाहतात, आणि तेवढ्यात अधिकारी त्यांना दोर लावून गुरांसारखे अडवितात!

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारचे रोखे खपविण्यासाठी तो गावोगाव हिंडला. नागरिकत्व मात्र ब्रिटिशच ठेवले. आपण साऱ्या जगाचे, असे त्याचे म्हणणे. पुढे रशियाच्या बाजूने केलेली भाषणे लोकांना खुपली. त्याच्या संसाराची कथाही गौरवाची नव्हे. पहिल्या दोन बायका लग्नाच्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या, हे झाकून कशाला ठेवायचे?

सप्टेंबर १९५२ मध्ये तो बायकोमुलांसह लंडनला निघाला. बोट समुद्रात असतानाच त्याचा परतीचा परवाना रद्द झाला. परत यायचे तर चौकशीला तोंड द्यावे लागणार होते. नागरिक असता तर असे दार लावता आले नसते. आपल्याकडे जुना बिऱ्हाडकरू काढायचा तरी कोर्टाची पायरी चढावी लागते!

चार्ली परत गेला नाही. गेली ती त्याची चौथी बायको ऊना. ती अमेरिकन नागरिक, तिला कोण अडविणार? तिने एकटीने जाऊन नवऱ्याची तिथली मिळकत सोडवून आणली, आणि पुढे आपले अमेरिकन नागरिकत्वच सोडून दिले. मला तर या कथेत तीच मोठी वाटते.

१९५३ पासून कुटुंब स्वित्झर्लंडमध्ये राहिले. तिथेही तो ब्रिटिशच. १९७२ मध्ये अमेरिकेने त्याला सन्मानासाठी बोलाविले, तेव्हा सारे सभागृह उभे राहिले व टाळ्या थांबेनात. १९७७ च्या नाताळच्या दिवशी तो वारला. दोन-तीन महिन्यांत चोरांनी शवपेटी उकरून नेली व खंडणी मागितली. ऊनाने ती देण्यास साफ नकार दिला. चोर सापडले, पेटी मिळाली, आणि या खेपेस थडग्यात काँक्रीट ओतण्यात आले.