सुरतेच्या तहाचे धनी

सुरतेहून भडोचकडे निघालेली गाडी तापी ओलांडते आणि थोड्याच वेळात कोसाड येते. आता सुरत महानगरात सामावलेल्या या गावावरून जाताना १७७५ सालचा सुरतेचा तह कोणास आठवत नसेल. आम्हांस मात्र त्याचे स्मरण देणे अगत्याचे वाटते. कारण परसत्तांची स्पर्धा घरच्या भांडणात कशी शिरते, हे राघोबादादांच्या चरित्रात स्वच्छ दिसते.

१७३४ साली जन्मलेले रघुनाथराव हे थोरल्या बाजीरावांचे पुत्र. १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोरपर्यंत नेणारा हा सेनानी शौर्यात उणा नव्हता. पेशवेपदाच्या लोभाने मात्र त्यांना ग्रासले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुतणे नारायणराव शनिवारवाड्यात मारले गेले. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष दादांवर ठेवला आणि बारभाईंनी नारायणरावांच्या तान्ह्या पुत्राच्या नावे कारभार चालविला. घर विरुद्ध गेलेले पाहून दादा मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले. ६ मार्च १७७५ रोजी अडीच हजार सैनिकांच्या मदतीसाठी त्यांनी साष्टी व वसई देऊ केली. हीच वसई काका चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये असंख्य माणसे खर्ची घालून जिंकली होती!

कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने हा तह नामंजूर केला. परंतु १७७७ साली फ्रेंच वकील सेंट ल्युबिन पुण्यात आला. नाना फडणिसांनी त्याचे स्वागत केले, हेही लपविण्याचे कारण नाही. फ्रेंचांच्या भयाने इंग्रजांना दादांचा हक्क पुन्हा आठवला. १७७८ च्या अखेरीस त्यांना घेऊन इंग्रज फौज बोरघाट चढली. सरदार येऊन मिळतील ही दादांची खात्री फोल ठरली. तळेगाव रिकामे व जळालेले मिळाले, रसद तुटली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना नमावे लागले.

१७८२ च्या साल्बाईच्या तहाने दादांच्या वाट्यास नेमणूक आली. इंग्रजांनी साष्टी राखली आणि दादांचा पक्ष सोडला. पुढच्याच वर्षी कोपरगावी त्यांचा अंत झाला.

बड्या सत्तांनी दुसऱ्यांच्या भूमीवर लढण्याचा हा प्रकार व्हिएतनामने पाहिला, अफगाणिस्ताननेही पाहिला. आश्रित बदलतात, भूमी मात्र जाते. वडगावला तोफांइतकेच काम घरच्या लोकांच्या नकाराने केले. तो नकार वेळीच देणे हे प्रजेचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.