गाडगेबाबांची श्रीमंती

नाशिकला गोदाकाठी गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण ती उभारणाऱ्याजवळ स्वतःचं काय होतं? अंगावर चिंध्या, हातात खराटा अन् मातीचं एक गाडगं.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजींचा जन्म झाला. वडील दारूपायी गेले, मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. गरिबी त्यांनी अंगावर भोगली होती. १९०५ साली घर सोडलं. पुढे लोकांनी भरभरून दिलं. त्यातून नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबाही गेले.

गरिबीत सुख आहे, असं बाबांनी कधी सांगितलं नाही. कर्ज काढून लग्न करू नका, दारू सोडा, भांडी मोडा पण पोरं शिकवा, हेच त्यांनी कीर्तनातून सांगितलं. आम्हास वाटते, घरात टीव्ही, फ्रीज जरूर यावा. मात्र त्याच्या हप्त्यापायी पोरीची फी अडू नये.