गाराबीचा पूल आणि गुस्ताव्ह आयफेल

आयफेल म्हटले की सर्वांना पॅरिसचा टॉवर आठवतो. आम्हा रेल्वेच्या पुलांवर काम करणाऱ्यांना मात्र आधी आठवतो तो दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातील गाराबीचा पूल.

गुस्ताव्ह आयफेल यांचा जन्म १५ डिसेंबर १८३२ रोजी दिजाँ येथे झाला. नामांकित पॉलिटेक्निकमधील प्रवेश हुकला. दुसऱ्या संस्थेतून १८५५ साली ते इंजिनिअर झाले, तेही रसायनशास्त्र घेऊन! पंचविशीतच बोर्दोच्या रेल्वे पुलाची जबाबदारी अंगावर आली. १८७७ साली पोर्तुगालमध्ये दोरू नदीवर त्यांची १६० मीटरची कमान उभी राहिली. त्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. पदरी पाच मुले होती.

तो पूल पाहून लेओं ब्वाये या तरुण सरकारी इंजिनिअरने त्रुयेर नदीची दरी तशाच कमानीने थेट ओलांडावी, असे सुचवले. (अशांची नावे पुढे कोणाच्या लक्षात राहत नाहीत.) काम १८८० मध्ये सुरू झाले. त्याच्या थोडेच आधी, २८ डिसेंबर १८७९ रोजी, स्कॉटलंडमधील टे नदीचा पूल वादळात गाडीसकट कोसळला होता. तपासणीसाठी उंच गर्डरवर चढलेल्या माणसाला वारा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. आयफेल यांनी वाऱ्याला अडवले नाही, जाळीदार बांधणीतून वाट करून दिली. कमानीचे पाय रुंद आणि माथा अरुंद ठेवला, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखा. पोलाद मिळू लागले होते, तरी त्यांनी खात्रीचे घडीव लोखंडच वापरले. १२२ मीटर खोल दरीत सेंटरिंग कुठून लावणार? कमानीचे दोन्ही अर्धे भाग वरून तारदोरांनी ओढून धरत पुढे नेले आणि १८८४ मध्ये मधोमध जोडले. कमान १६५ मीटर, पूल ५६५ मीटर. आकडेमोड मोरिस केशलँ यांची. टॉवरचा पहिला आराखडा त्यांनीच त्याच वर्षी काढला. पुलावरून नियमित गाड्या १८८८ पासून धावू लागल्या.

पुढे दिवस फिरले. १८९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्युन्शेनस्टाइन येथे त्यांच्या कंपनीचा पूल गाडीखाली कोसळला, सत्तरहून अधिक माणसे गेली. पनामा कालव्याच्या प्रकरणात १८९३ साली दोन वर्षांची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. साठीत त्यांनी धंदा सोडला आणि जन्मभर ज्याच्याशी झुंजले त्या वाऱ्याचा अभ्यास मांडला. टॉवरवरून तक्ते खाली सोडून हवेचा रोध मोजला, १९०९ मध्ये टॉवरच्या पायथ्याशी वायुबोगदा बांधला. तो १९१२ मध्ये ओतय भागात हलवला आणि तेथे विमानांच्या पंखांच्या चाचण्या होऊ लागल्या. २७ डिसेंबर १९२३ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी, ते वारले.