नामदार गोखले आणि विलायतेची रीत

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्यांत विरळाच. कायदेमंडळातील त्यांची भाषणे, भारत सेवक समाजाची स्थापना, महात्माजींनी त्यांस दिलेले गुरुपद, हे सारे सर्वश्रुत आहे. परंतु पुण्याच्या एका संकोची शिक्षकाने इंग्रजांची नित्याची बोली व चालरीत कशी ओळखली, आणि त्या ओळखीची किंमत त्यास कोणत्या नाण्यात मोजावी लागली, ही हकीकत तितकीशी सांगितली जात नाही. सभासद कुटुंबांतील मुलेमुली विद्येसाठी समुद्रापलीकडे जात असता ती मुद्दाम आठवण्याजोगी आहे.

गोपाळरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी झाला. १८७९ साली पितृछत्र हरपले. वडील बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून, तुटपुंज्या पगारातून धाकट्यास शिकविले. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. होऊन गोपाळराव पुण्यास आले. न्यू इंग्लिश स्कूल व पुढे फर्ग्युसन कॉलेज ही त्यांची कर्मभूमी, तर न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. बर्कचे उतारेच्या उतारे त्यांस मुखोद्गत होते. तथापि ते इंग्रजी ग्रंथांतील होते. चहाच्या मेजावरचे, आगगाडीच्या डब्यातले, दिवाणखान्यात सहज बोलले जाणारे इंग्रजी कोणत्याही ग्रंथात सापडत नाही.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी १८९७ साली ते श्री. दिनशा वाच्छा यांच्यासमवेत विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या वयास एकतिसावे वर्ष चालू होते. ज्या पुण्यातून ते निघाले तेथे १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या एका चहाने केवढे वादळ उठविले होते! रानडे व टिळक यांसारख्या थोरांनाही त्या पेल्याचा जाब द्यावा लागला होता. आता त्याच पुण्याचा हा तरुण, जेथे चहा नाकारणे हाच अविनय गणला जाई अशा समाजात वावरणार होता.

वाटेत कॅले येथे अपघात होऊन त्यांच्या छातीस मार बसला. संकोची स्वभावामुळे त्यांनी तो काही काळ सोबत्यांपासूनही लपविला. दुखणे उघड झाल्यावर विश्रांती प्राप्त झाली, आणि त्या काळात श्रीमती काँग्रीव्ह या इंग्रज बाईंनी त्यांची आपुलकीने शुश्रूषा केली. मेजावरील शिष्टाचार, दिवाणखान्यातील संभाषण, परक्या स्त्रीपुरुषांत मोकळेपणाने बसणे-उठणे, यांचे पहिले धडे त्यांस या बाईंकडून मिळाले. आजारपणाने जे घर उघडले ते शिफारसपत्रांनी उघडले असते की नाही, याची शंकाच आहे.

हे धडे वरवर क्षुल्लक दिसतात, पण नवख्याची परीक्षा त्यांतच होते. आपल्याकडे विनय क्रियापदात असतो. बसा, यावे, घ्यावे असे म्हटले की आदर पोचला. इंग्रजीत मात्र ‘प्लीज’ व ‘थँक यू’ हे शब्द पदोपदी उच्चारावे लागतात. ते राहिले तर अत्यंत सुशील मनुष्यही उद्धट ठरतो. आपल्याकडे गाव, कुळ, पगार व मुलेबाळे विचारणे ही आपुलकी. तेथे पहिल्या भेटीत हवापाण्यापलीकडे जाणे हा आगाऊपणा. हिंदुस्थानचे स्नेही सर विल्यम वेडरबर्न यांना सर विल्यम म्हणावयाचे, सर वेडरबर्न म्हणावयाचे नाही. कारण ‘सर’ ही पदवी आडनावास चिकटत नाही. आणि एखादी गोष्ट विचारात घेऊ असे इंग्रज अधिकारी म्हणाला, तर त्यास होकार समजून घरी पत्र लिहिण्याची घाई करू नये.

एप्रिल महिन्यात कमिशनपुढे साक्ष झाली. ही परीक्षा गोपाळराव उत्तम उतरले. उलटतपासणीत ते डगमगले नाहीत. आकडे सरकारचेच, अनुमान मात्र त्यांचे. कमिशनचे एक सभासद श्री. केन यांनीही त्या साक्षीची वाखाणणी केली. परंतु खरी कसोटी पुढेच होती.

पुण्यात त्या वेळी प्लेगचा कहर होता, आणि घरतपासणीस नेमलेल्या सोल्जरांच्या वर्तनाविषयी भयंकर वार्ता पत्रांतून येत होत्या. स्त्रियांवर अत्याचार झाल्याची वार्ता गोपाळरावांनी विश्वासाच्या माणसांकडून आली म्हणून खरी मानली व मँचेस्टर गार्डियन पत्राच्या द्वारे प्रसिद्ध केली. मुंबई सरकारने ती साफ नाकारली व पुरावा मागितला. तशात २२ जूनच्या रात्री पुण्यात रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली होती. वातावरण तप्त होते. मायदेशी परतताच मुंबई बंदरात पोलिसांचे अधिकारी त्यांस बोटीवरच भेटले. पत्र लिहिणाऱ्यांची नावे सांगावी तर ते स्नेही संकटात पडणार. न सांगावी तर आरोप निराधार ठरणार. गोपाळरावांनी नावे सांगितली नाहीत. आरोप सिद्ध करता येत नाही हे दिसताच ऑगस्टमध्ये त्यांनी गव्हर्नर, प्लेग कमिटी व सोल्जर यांची बिनशर्त माफी मागितली.

इंग्रजी सार्वजनिक जीवनाचा दंडक असा की, आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा, अथवा कसलीही पळवाट न ठेवता मागे घ्यावा. गोपाळरावांनी तो अक्षरशः पाळला. पण पुण्यात त्याच माफीचा अर्थ भ्याडपणा असा झाला. २७ जुलै रोजी लोकमान्य टिळकांस अटक झाली होती. एक तुरुंगात व दुसरा क्षमायाचक, ही तुलना प्रत्येकाच्या ओठी आली. इंग्रजांनीही लगेच शाबासकी दिली असे नव्हे; त्यांच्या वृत्तपत्रांतून उपहासच झाला. दोन्ही समाजांच्या मधोमध उभ्या असलेल्या या तरुणास काही काळ कोणताच समाज आपला राहिला नाही. ज्या रीतीस आपण सभ्यता म्हणून शिकतो, तिचे ओझे स्वदेशात एकट्यानेच वाहावे लागते, हे त्यांस त्या वर्षी कळले.

ते खचले नाहीत. १८९९ साली मुंबई कायदेमंडळात व १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी प्रवेश केला. अंदाजपत्रकावरील त्यांच्या भाषणांत आकडा असे तो सरकारी कागदांतूनच घेतलेला, आणि भाषा अशी की कठोर टीकाही सभ्यतेच्या कक्षेत राही. पुढे १९०५ पासून १९१४ पर्यंत ते वारंवार विलायतेस गेले. बिलियर्ड्सच्या मेजावरही इंग्रजास हार जाऊ नये अशी त्यांची हौस होती.

तथापि विलायतेची भाषा पूर्ण कळली असे त्यांसही म्हणता येईना. १९०५ च्या अखेरीस मोर्लेसाहेब भारतमंत्री झाले तेव्हा गोपाळरावांस मोठी आशा वाटली. भेटी झाल्या, बोलणे सौजन्याचे झाले. पण वंगभंग ही ठरून गेलेली गोष्ट आहे, असेच मोर्लेसाहेबांनी पार्लमेंटात सांगितले. १९०९ च्या सुधारणांनी कायदेमंडळे विस्तारली, सत्ता मात्र हलली नाही. गोड बोलणे आणि मान्य करणे यांतील अंतर गोपाळरावांनी स्वतःच्या आयुष्यात मोजले. तरीही त्यांनी वाटाघाटीचा मार्ग सोडला नाही, आणि १९१४ साली देऊ केलेला ‘सर’ हा किताबही नम्रपणे नाकारला. जो शब्द कसा वापरावा हे ते एके काळी शिकले होते, तो स्वतःच्या नावामागे त्यांस नको होता.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांना आईबाप लोणच्याची बरणी व पांघरूण बांधून देतात. त्याबरोबर या थोर पुरुषाच्या चरित्रातील दोन गोष्टीही द्याव्यात. परक्यांची रीत मनापासून शिकावी, कारण तिच्यावाचून त्यांचे अंतःकरण उघडत नाही. आणि त्या रीतीने आपल्यावर टाकलेली जबाबदारी, घरचे लोक हसले तरी, पुरी पार पाडावी. शिष्टाचार चार महिन्यांत अंगवळणी पडतात. दिलेला शब्द परत घेण्याचे धैर्य अंगी यावयास मात्र आयुष्यही कधी कधी अपुरे पडते.